चोंदलेलं नाक आणि खिशातली बाटली



सर्दीला औषध घेतलं तर ती सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर एका आठवड्यात, अशी एक जुनी थट्टा आहे. त्या सात दिवसांच्या पाहुणीविषयी मी आज बोलणार नाही. मी बोलणार आहे ते ज्यांचं नाक तीन महिने, तीन वर्षं, काहींचं तर लग्न झाल्यापासून चोंदलेलं आहे, त्यांच्याविषयी. ही माणसं तोंड उघडं टाकून झोपतात. सकाळी उठतात तेव्हा घसा कोरडा पडलेला असतो, डोकं जड असतं. जेवणाची चव कळत नाही, कारण वास येत नाही. दिवसभर पेंगतात आणि रात्री घोरतात. घरच्यांना सांगावं तर उत्तर येतं, ‘‘सर्दीच तर आहे, त्यात काय एवढं!’’ मग माणूस डॉक्टरकडे न जाता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातो. नाक-कान-घशाचा डॉक्टर म्हणून माझं काम बहुतेक वेळा त्या दुकानाच्या नंतर सुरू होतं.

नाक चोंदलं म्हणजे आत काहीतरी अडकलंय, अशी आपली समजूत असते. म्हणून माणूस शिंकरत राहतो. जोर लावून, डोळे लाल होईपर्यंत शिंकरतो. बाहेर फारसं काही येत नाही. उलट कानाला दडा बसतो, कधी घोळणा फुटतो. मोरीत बोळा अडकावा तसं नाकात बहुतेकदा काही अडकलेलंच नसतं, तर ते बाहेर येणार कुठून? सुजलेल्या असतात त्या नाकाच्या भिंती.

या भिंती कशा असतात ते जरा पाहू. नाकाच्या मधोमध एक उभा पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या भिंतीवर, एकाखाली एक अशा तीन वळ्या असतात. आत पातळ हाड आणि वर ओलसर, मऊ अस्तर. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात, आपण आज नुसतं ‘वळ्या’ म्हणू. त्यातली सर्वांत खालची वळी मोठी, आणि आपल्या आजच्या गोष्टीत महत्त्वाची. तिच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्त भरलं की ती स्पंजासारखी फुगते, रक्त ओसरलं की आक्रसते. ही सोय उगीच केलेली नाही. दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा आपण आत घेतो. ती गाळायची, ओली करायची, ऊबदार करायची, हे काम या वळ्यांचं. निफाडला डिसेंबरातल्या पहाटे नाकात शिरलेली बोचरी हवा घशाच्या मागच्या भागात पोहोचेपर्यंत तीस अंशांच्या वर गेलेली असते. एवढ्याशा जागेत इतका जलद चालणारा बंब माणसाला अजून बनवता आलेला नाही.

आणखी एक गंमत सांगतो. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास उजव्या बाजूच्या वळ्या फुगलेल्या आणि डाव्या आक्रसलेल्या, मग उलट. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन वैद्याने १८९५ साली या पाळीची शास्त्रीय नोंद केली. आपल्याकडे योगाभ्यास करणाऱ्यांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. चंद्रनाडी चालू आहे की सूर्यनाडी, हे ते बघत. समर्थ रामदासांच्या चित्रांत दिसते ती कुबडी तुम्हाला आठवत असेल. योगी लोक अशी कुबडी एका काखेत दाबून बसत, म्हणजे दुसऱ्या बाजूची नाकपुडी मोकळी होते. काखेवर दाब दिला की समोरच्या बाजूच्या नाकातला रक्तपुरवठा बदलतो, हे पुढे प्रयोगशाळेतही मोजलं गेलं. कुशीवर झोपलात की खालची नाकपुडी बंद होते आणि कूस बदलली की ती उघडते, हा अनुभव तर सगळ्यांचाच आहे.

म्हणून पहिली सूचना. आज उजवी, थोड्या वेळाने डावी, असं आलटूनपालटून एक नाकपुडी बंद वाटत असेल आणि बाकी काही त्रास नसेल, तर तो आजार नव्हे. तिकडे लक्ष जाऊ लागलं की मात्र ते सारखंच जातं. दोन्ही बाजू एकदम बंद, किंवा कायम एकच बाजू बंद, अशी स्थिती असेल तर ती तपासायची. घरच्या घरी करता येण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. दोन मजले जरा भराभर चढून जा. अंगमेहनत केली की शरीर नाकातल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतं. जिना चढल्यावर नाक मोकळं वाटलं, तर दोष मुख्यतः सुजेचा आहे असं समजायला हरकत नाही. तरीही एक बाजू तशीच बंद राहिली, तर आत काहीतरी वाकडं किंवा वाढलेलं असू शकतं. ही परीक्षा अर्थात अंदाजापुरती. गुडघे आणि हृदय धड असलेल्यांनीच ती करावी.

आता येतो त्या बाटलीकडे. सर्दीत नाक बंद झालं की दुकानातून थेंबांची एक छोटी बाटली आणली जाते. त्यात ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं. नावं अवघड आहेत, पण बाटलीवर बघून ठेवा. दोन थेंब टाकले की पाच-दहा मिनिटांत नाक असं उघडतं की वाटावं, एवढे दिवस आपण हे का नाही आणलं? औषध त्या रक्तवाहिन्या आवळतं, वळ्या आक्रसतात आणि वाट मोकळी होते. औषध वाईट नाही. आम्ही डॉक्टरही ते देतो, पण तीन दिवस, फार तर पाच दिवस.

त्यापुढे काय होतं? आवळलेल्या रक्तवाहिन्या औषधाचा जोर ओसरला की पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा बंद होतं, आधी होतं त्याहून घट्ट. माणूस म्हणतो, सर्दी अजून गेली नाही वाटतं, आणि पुन्हा थेंब टाकतो. हळूहळू रक्तवाहिन्या औषधाला दादही देईनाशा होतात. सुरुवातीला आठ-दहा तास पुरणारे दोन थेंब पुढे चार लागतात आणि तीन तासही पुरत नाहीत. मूळची सर्दी केव्हाच गेलेली असते. आता नाक बंद असतं ते औषधामुळे, आणि उघडतं तेही त्याच औषधाने. या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, ‘रायनायटिस मेडिकामेंटोसा’, म्हणजे औषधाने जडलेली नाकाची सूज. बाटलीवर इशारा छापलेला असतो, पण तो इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. दुकानदार चिठ्ठी मागत नाही. त्याचं आणि गिऱ्हाइकाचं दोघांचंही समाधान झालेलं असतं.

माझ्याकडे एस.टी.चे एक वाहक आले होते. सहा वर्षं थेंब चालू. आठवड्याला दोन बाटल्या लागत. एक खाकी सदऱ्याच्या खिशात, एक उशाखाली आणि एक देवघरातल्या फडताळात, अडीनडीला. मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, एक वेळ तिकिटाचं मशीन डेपोत विसरेन, पण ही विसरत नाही.’’ मुक्कामाच्या गाडीवर एकदा बाटली संपली, गावात दुकान नव्हतं, तर रात्रभर बसून काढली होती. तोंडाने श्वास घेता येतो हे ठाऊक असूनही गुदमरून जाऊ अशी भीती वाटत होती. तपासलं तेव्हा आतलं अस्तर लालभडक आणि खालच्या वळ्या पडद्याला टेकलेल्या. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीची तक्रार वेगळीच होती, ‘‘यांचं घोरणं शेजाऱ्यांना ऐकू जातं, आणि बी.पी.ची गोळी चालू असूनही बी.पी. उतरत नाही.’’ हे थेंब थोडे रक्तातही उतरतात. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवीला अडथळा असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

ही सवय सुटते. मी हे ठासून सांगतो, कारण वर्षानुवर्षं बाटली बाळगणाऱ्यांना ते खरं वाटत नाही. सोडवण्याच्या दोन-तीन रीती आहेत. मला स्वतःला एका वेळी एक नाकपुडी सोडवण्याची रीत पसंत आहे. डॉक्टरच्या सल्ल्याने दोन्ही नाकपुड्यांत स्टेरॉइडचा फवारा सुरू करायचा. तो काय असतो ते पुढे सांगतो. आठवडाभराने थेंब फक्त एकाच नाकपुडीत टाकायचे, दुसरीत एकही नाही. ती नाकपुडी तीन-चार रात्री ठार बंद राहते. राहू द्यायची. एक बाजू चालू असल्यामुळे झोप लागते आणि धीर सुटत नाही. साधारण आठ-दहा दिवसांत, कुणाला पंधरा, बंद ठेवलेली बाजू आपोआप उघडू लागते. थेंबांविना उघडलेलं स्वतःचं नाक त्या माणसाला कित्येक वर्षांनी भेटतं. मग दुसरी बाजू बंद करायला त्याला कुणी सांगावं लागत नाही. डोक्याखाली उशी जरा उंच घ्यायची, मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. फारच जड गेलं तर डॉक्टर थोडे दिवस पोटातून औषध देतात. आमच्या वाहकांना पाच आठवडे लागले. देवघरातली बाटली त्यांच्या पत्नीने स्वतः नेऊन टाकली.

नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचंही सांगून टाकतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने निर्णय दिला, की पोटातून घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने नाक मोकळं होत नाही. ते आतड्यात आणि यकृतातच बरंचसं निकामी होतं. गोळी घेतल्यावर बरं वाटतं ते तिच्यातल्या तापाच्या आणि शिंकांच्या औषधाने. तेव्हा नाक उघडावं म्हणून अशा गोळ्यांची पाकिटं संपवण्यात अर्थ नाही.

बरं, थेंब थांबले. पण ते सुरू झाले तेव्हा नाक मुळात का बंद होतं? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच असतं, ॲलर्जी. शिंकांची माळ, पाण्यासारखं वाहणारं नाक, नाकाला आणि डोळ्यांना खाज, सकाळी त्रास जास्त, ही तिची ओळख. काहींना मात्र शिंका नसतात, नुसतं नाक बंद राहतं, आणि मग आपल्याला ॲलर्जी आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. कारण कधी दाराबाहेर असतं. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात, ते १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदलं गेलं आणि मग सगळीकडे पसरलं. त्याचे पराग अनेकांच्या नाकाला आणि कातडीला सोसत नाहीत. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींवर बुरशी धरते, तिचे कण नाकात जातात.

पण सर्वांत मोठं कारण अंथरुणात असतं. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात आणि दमट हवेत वाढतात. मुंबई, कोकण, गोवा म्हणजे त्यांचं माहेरच. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. धुळीच्या ॲलर्जीमागे हे किडे आहेत, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिलं. आपण दिवाळीला माळ्यावरची धूळ झाडतो आणि वर्षभर त्याच गादीवर झोपतो. उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. पाणी हाताला सोसणार नाही इतकं, साधारण साठ अंश, गरम हवं. गाद्या, गोधड्या कडक उन्हात टाकून झटका, आणि झटकण्याचं काम ज्याला त्रास आहे त्याने करू नये. केर काढण्याआधी ओला फडका फिरवला तर धूळ उडत नाही. उदबत्ती, डासांची कॉइल, तपकीर, सिगारेट यांनी ॲलर्जी होते असं नाही, पण आधीच सुजलेलं नाक ती आणखी चिडवतात. देवापुढे निरांजन लावलं तरी चालतं.

आता तो फवारा. स्टेरॉइड हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस खुर्ची मागे सरकवतो. हाडं ठिसूळ होतील, अंग सुजेल, सवय लागेल. या भीतीपोटी माणसं ज्याने सवय लागत नाही तो फवारा नाकारतात आणि ज्याने हमखास लागते ते थेंब बिनधास्त टाकतात. आकडे बघू या. मोमेटाझोनच्या एका फवाऱ्यात पन्नास मायक्रोग्रॅम औषध असतं. प्रत्येक नाकपुडीत दोन, म्हणजे दिवसाला दोनशे, अर्थात एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. पाच मिलिग्रॅमच्या स्टेरॉइडच्या साध्या गोळीचा हा पंचविसावा हिस्सा झाला, आणि त्यातलंही अगदी नाममात्र रक्तात पोहोचतं. काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरला तसं सांगावं, लहान मुलांना दीर्घकाळ देताना त्यांची उंची मोजत राहावी, एवढी काळजी पुरे.

फवाऱ्याचा उपयोग झाला नाही असं सांगणाऱ्यांना मी माझ्यासमोर तो मारून दाखवायला सांगतो. निम्म्याहून जास्त लोक मान मागे टाकतात, नळी मधल्या पडद्याकडे रोखतात आणि जोरात ओढून घेतात. औषध घशात जातं, कडू लागतं, आणि पडद्यावर सारखा मारा झाल्याने रक्त येतं. खरी रीत अशी. आधी नाक हलकेच शिंकरायचं. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. श्वास सहज घ्यायचा, फुलाचा वास घ्यावा तसा. शिवाय हे औषध पाच मिनिटांत नाक उघडत नाही. काही दिवसांनी फरक जाणवतो, पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात, आणि रोज न चुकता घ्यावं लागतं. चौथ्या दिवशी ‘‘काही उपयोग नाही’’ म्हणून सोडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

घरगुती उपायांवर मला टीका करायची नाही, कारण माझ्याही उशाशी लहानपणी ओव्याची पुरचुंडी असे. पण निलगिरी, पुदिन्याचा अर्क, कापूर यांचं काम जरा फसवं आहे. मेन्थॉलने नाकातली वाट रुंद होत नाही. नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना ते जागं करतं, आणि हवा गार लागली की मेंदूला वाटतं, हवा भरपूर येते आहे. कार्डिफच्या प्रयोगशाळेत नाकातून जाणारी हवा मोजून हे तपासलं गेलं आहे. माणसाला बरं वाटतं आणि हवा तेवढीच असते. बरं वाटण्यालाही किंमत आहे, झोप लागते. मात्र तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला कापूर चोळू नका, त्याने झटके येऊ शकतात. वाफाऱ्याचंही तसंच. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीशी, वर चादर आणि शेजारी खेळणारं पोर, अशाने भाजलेली मुलं आम्ही बघतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या आंघोळीने तोच फायदा मिळतो.

खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे मिठाचं पाणी. एक मोठा पेला पाणी, साधारण पाव लिटर, त्यात सपाट अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. कोमट करून नेतीपात्राने किंवा सुईविना मोठ्या सिरिंजने एका नाकपुडीत सोडायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. एक अट मात्र सोडू नका. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं पाणी थेट नाकात घालू नका. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण त्याने दगावले. हा आजार अतिशय विरळा आहे, पण झाला तर बहुधा प्राणघातक, आणि टाळण्याचा खर्च पाच मिनिटांच्या गॅसचा.

एवढं सगळं धड केलं, दोन-तीन महिने झाले, तरी नाक बंदच. तेव्हा ‘‘नाकाचं हाड वाढलंय का?’’ हा प्रश्न विचारायचा. हाड वाढणं हा आपल्याकडचा लाडका शब्द आहे. त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. बहुधा मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो. पडदा अगदी ओळंब्यात असलेली माणसं थोडीच, आणि वाकडा असूनही त्रास नसेल तर त्याला हात लावू नये. कधी नुसत्या वळ्या सुजलेल्या असतात आणि फोटोत हाड मोठं दिसतं. कधी आत द्राक्षांच्या घोसासारखे कोंब, म्हणजे पॉलिप, असतात. त्यांत वास पूर्ण जातो, बरोबर दमा असू शकतो, आणि अशा काहींना ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळी अजिबात चालत नाही.

पडदा खरोखर वाट अडवत असेल तर शस्त्रक्रियेने गुण येतो. ब्रिटनमध्ये ३७८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींची शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना फवारा आणि मिठाचं पाणी दिलं. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेले पुष्कळ बरे होते. पण ती पडद्याची गोष्ट झाली. ॲलर्जीची सूज शस्त्रक्रियेने जात नाही. ‘‘ऑपरेशन केलं आणि वर्षात हाड पुन्हा वाढलं’’ असं लोक म्हणतात तेव्हा अनेकदा ॲलर्जीवर इलाज झालेलाच नसतो. आणि वळ्या कुणी पूर्ण कापून टाकायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. वळ्याच नसलेलं नाक कोरडं पडतं, खपल्या धरतात, आणि वाट ऐसपैस असूनही माणसाला हवा येत नाही असंच वाटत राहतं.

मुलांचं थोडं वेगळं. तीन ते आठ वर्षांचं मूल कायम तोंडाने श्वास घेतं, घोरतं, टीव्हीचा आवाज मोठा करतं, वर्गात लक्ष नाही म्हणून बोलणी खातं. त्याच्या नाकामागे ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असू शकते. तिच्यामुळे कानात पाणी साठतं, म्हणून ऐकू कमी येतं. अशा मुलाला मतिमंद, आळशी ठरवण्याआधी नाक आणि कान तपासून घ्या. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत मणी, शेंगदाणा, थर्माकोलचा गोळा असण्याचा संभव फार. खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर काही तासांत पडद्याला भोक पडतं, त्यामुळे त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. मोठ्यांच्या नाकातले थेंब तान्ह्यांना कधीही घालू नयेत. त्यांनी बाळ निपचित पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. बाळासाठी नुसतं मिठाच्या पाण्याचं औषधी द्रावण असतं, ते वापरायचं.

मोठ्या माणसांत कायम एकच बाजू बंद आणि तिच्यातून वारंवार रक्त, गाल बधिर होणं, वरचा दात अकारण हलणं, एकाचे दोन दिसणं, यांपैकी काही असेल तर महिनाभर फवारे मारत बसू नका. गाठ असू शकते, आणि ती लवकर सापडली तर बरी होऊ शकते. मधुमेह असलेल्या माणसाचं नाक चोंदलं, चेहरा एका बाजूने दुखू-सुजू लागला, नाकातून काळसर खपली आली, तर दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, ते आपण पाहिलं आहे. तो आजार करोनाच्या आधीही होता आणि अजूनही होतो.

डॉक्टरकडे जाल तेव्हा घरात वापरात असलेले सगळे थेंब, फवारे, गोळ्या एका पिशवीत घालून न्या. थेंबांची बाटली किती दिवसांत संपते तेही सांगा, खरा आकडा सांगा. आम्ही रागावत नाही. नाकात दुर्बीण घालण्याआधीच निम्मं निदान त्या पिशवीत सापडतं.